हिंगणा ते रॉटरडॅम: एका फोर्जिंग कारखान्याच्या निर्यातीची हकीकत

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळतो, तिथले फ्लँज आम्ही स्वतः निर्यातदार होण्याच्या बऱ्याच आधीपासून परदेशी जात होते. फ्लँज म्हणजे पाइपच्या टोकाला वेल्ड करून बसवायची, कडेने बोल्टची भोके असलेली जाड पोलादी चकती. दोन पाइप किंवा पाइप आणि व्हॉल्व्ह तिच्या आधाराने एकमेकांना आवळले जातात, आणि तेलशुद्धीकरण कारखान्यापासून रासायनिक प्रकल्पापर्यंत जिथे जिथे दाबाखाली काही वाहते तिथे तिथे ती लागते. मुंबईचे व्यापारी हा माल आमच्याकडून किलोच्या भावाने उचलत, निर्मात्याच्या शिक्क्याची जागा कोरी ठेवायला सांगत, आणि पुढे तो कोणत्या देशात, कोणत्या प्रकल्पात गेला हे आम्हाला कधीच कळत नसे. कळायची ती फक्त तक्रार, आणि तीही एका ओळीच्या ईमेलला जोडलेल्या डेबिट नोटच्या, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठीच्या रूपाने.

आमच्या मालकांनी स्वतःच्या नावाने निर्यात करायचे ठरवले त्यामागे चार पैसे जास्त मिळतील हा हिशेब होताच, पण त्याहून मोठे कारण ही माहितीची उणीव होती. आपला माल कुठे आणि कशासाठी लागतो हे ज्या कारखान्याला माहीत नसते, त्याला काय सुधारावे हेही उमजत नाही. तो दरवर्षी तेच बनवत राहतो आणि दरवर्षी त्याच्याकडे भाव उतरवण्याची मागणी येत राहते. शिवाय देशांतर्गत बाजाराची चाल आम्हाला सोसणारी नव्हती. एखाद्या रिफायनरीच्या विस्ताराचे काम निघाले की हॅमर रात्रंदिवस चालत, ते संपले की पाळ्या कमी करण्याची वेळ येई. फोर्जिंगची, म्हणजे हॅमरखाली घडवण्यासाठी पोलाद तापवण्याची, भट्टी अर्धी भरली तरी इंधन जवळपास पूर्ण भट्टीइतकेच खाते, त्यामुळे कामातला खंड हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा तोटा असतो. वेगवेगळ्या देशांतले ग्राहक हाताशी असावेत आणि एकीकडची मंदी दुसरीकडच्या कामाने भरून निघावी, एवढ्या साध्या गरजेतून हे सगळे सुरू झाले.

कागदोपत्री निर्यातदार होणे मात्र वसाहतीत सांगितले जाते तितके अवघड नाही. आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅनच्या आधारे मिळतो. अभियांत्रिकी मालासाठी ईईपीसी इंडिया या १९५५ साली स्थापन झालेल्या निर्यात प्रोत्साहन परिषदेचे सभासदत्व घ्यावे लागते, परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा एडी कोड सीमाशुल्काच्या प्रणालीत नोंदवावा लागतो, आणि जीएसटी न भरता माल पाठवायचा तर दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र द्यावे लागते. हे सगळे नागपुरात बसून होते. निर्यातीचे नाव काढताच ज्यांना सरकारी कागदांची धास्ती वाटते अशा शेजारच्या कारखानदारांना मी हे आवर्जून सांगत असतो, कारण त्या धास्तीपायी पुष्कळ चांगला माल अजूनही दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. आमचा खरा काळ गेला तो पुढच्या कामात.

जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या पाइप-फिटिंगच्या वितरकांशी आम्ही पत्रव्यवहार सुरू केला. दर दोन वर्षांनी द्युसेलडॉर्फला भरणाऱ्या ट्यूब या प्रदर्शनात मालक जाऊन आले. जी उत्तरे आली त्यांत सुरुवातीला भावाची विचारणाच नव्हती. सगळ्यांचा पहिला प्रश्न दाखल्याचा होता: ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ दाखला तुम्ही स्वतः देऊ शकता का, आणि तो देण्याची मान्यता तुमच्याकडे कोणाची आहे?

हा प्रश्न नीट समजून घेणे हेच आमच्यासाठी युरोपच्या बाजारात शिरण्याचे दार ठरले, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. धातूच्या मालासोबत कोणता दाखला द्यायचा याच्या पायऱ्या या मानकात ठरलेल्या आहेत. २.१ मध्ये माल ऑर्डरप्रमाणे आहे एवढेच निर्माता लिहून देतो. २.२ मध्ये चाचणीचे आकडे असतात, पण ते त्याच मालाचे असावेत अशी अट नसते. ३.१ मध्ये नेमक्या त्याच मालाच्या चाचण्यांचे प्रत्यक्ष आकडे द्यावे लागतात आणि त्यावर सही करणारा निरीक्षक उत्पादन विभागाच्या हाताखालचा असून चालत नाही. ३.२ मध्ये त्याच्या जोडीला ग्राहकाच्या किंवा त्रयस्थ संस्थेच्या निरीक्षकाचीही सही लागते. युरोपीय संघात ०.५ बारहून अधिक दाबाच्या उपकरणांना २०१४/६८ क्रमांकाचा प्रेशर इक्विपमेंट डायरेक्टिव्ह लागू आहे. दाब पेलणाऱ्या मुख्य भागांच्या निर्मात्याची गुणवत्ता व्यवस्था युरोपातल्या सक्षम संस्थेने त्या विशिष्ट मालासाठी तपासून प्रमाणित केलेली असेल, तरच त्याच्या स्वतःच्या ३.१ दाखल्यावर तिथे भागते. जर्मन ग्राहक त्यासोबत एडी २००० डब्ल्यू शून्य ही तिथल्या दाब-उपकरणांच्या नियमावलीतली मान्यताही मागतात. आमच्याकडे आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थेचे प्रमाणपत्र होते आणि भारतात तेवढ्यावर आमचे उत्तम चालले होते. पण ते सगळ्या कारखान्याच्या कारभाराविषयी बोलते, हातातल्या एका फ्लँजविषयी काही सांगत नाही.

मान्यतेचा अर्ज केल्यावर तयारी म्हणून आम्ही एक कवायत सुरू केली. तयार मालाच्या रॅकमधून कोणताही एक फ्लँज उचलायचा, त्याच्या कडेवर पंच केलेला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ज्या वितळणीतून तो आला तिचा क्रमांक, वाचायचा आणि तिथून उलटे चालत जायचे. तो कोणत्या दिवशी मशीनिंगला आला, त्याआधी कोणत्या भट्टीत नॉर्मलायझिंगला, म्हणजे तापवून हवेत थंड करण्याच्या प्रक्रियेला, गेला, त्या भट्टीचा त्या दिवसाचा तापमानाचा चार्ट कुठे आहे, भट्टीत त्याच्यासोबत आणखी काय होते, तो कोणत्या बिलेटपासून, म्हणजे पोलादाच्या लांब कांबेपासून, घडला, त्या बिलेटचा पोलाद गिरणीचा टीसी, म्हणजे चाचणीचा दाखला, कोणता, आणि त्या टीसीतला कार्बन आणि आपल्या प्रयोगशाळेत आलेला कार्बन जुळतो का? ही साखळी जिथे तुटे ती जागा जवळजवळ नेहमी एकच असे. सहा मीटरच्या बिलेटच्या फक्त एका टोकाला गिरणीने नंबर मारलेला असतो. करवतीवर त्याचे तुकडे पडले की नंबर पहिल्या तुकड्यासोबत जातो आणि बाकीचे तुकडे बिननावाचे उरतात. स्टोअरचा मुलगा तेलकट खडूने त्यांवर नंबर लिही, पण भट्टीच्या तोंडापर्यंत जाईस्तोवर ते पुसट होऊन जाई.

यावरचा उपाय आमच्या करवतीवरच्या जुन्या मिस्त्रींनी सुचवला. तुकडा पाडून मग नंबर शोधत बसण्यापेक्षा आखणी झाली की कापण्याआधीच प्रत्येक तुकड्याच्या जागी नंबर पंच करावा, असे त्यांचे म्हणणे होते. “कापायच्या आधी नंबर टाकून ठेवला तं मंग झंझटच नाही ना जी,” असे ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात ती पद्धत लागू झाली. त्यात कामाचा वेळ वाढला. हॅमरखाली घडताना पंच मिटतो, म्हणून फोर्जिंग झाल्यावर तुकडा गरम असतानाच नंबर पुन्हा उठवावा लागतो, आणि त्यासाठी हॅमरच्या टोळीत एक माणूस वाढवावा लागला. ज्या तुकड्याचा नंबर वाचता येत नाही तो निर्यातीला जाणार नाही, मग तो कितीही निर्दोष दिसो, असा नियम मालकांनी घातला तेव्हा पहिल्या काही महिन्यांत चांगला माल भंगाराच्या ढिगात जाताना पाहून सगळ्यांनाच वाईट वाटले. मला अजूनही वाटते की आमच्या कारखान्याच्या वाढीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता; नवी सीएनसी यंत्रे त्यानंतर आली.

जर्मनीहून आलेल्या लेखापरीक्षकांनी नेमके तेच केले. चहा घेऊन ते थेट शॉपमध्ये गेले, पॅक होत असलेल्या पेटीतून एक आठ इंची फ्लँज त्यांनी बाहेर काढायला सांगितला आणि त्याचा सगळा इतिहास समोर मांडा म्हणाले. नोंदी मिळत गेल्या तसे त्यांचे प्रश्न अधिक बारीक होत गेले. भट्टीतले तापमान मोजणारे थर्मोकपल शेवटचे कधी तपासले, दाखल्यावर सही करणाऱ्या माणसाचा पगारवाढीचा कागद कोण भरतो, उत्पादन प्रमुखाने घाई केली तर तो नाही म्हणू शकतो का, असे ते विचारत गेले. हा शेवटचा प्रश्न त्यांनी मालकांना वेगळा विचारला आणि मला वेगळा. स्वतंत्र निरीक्षक या शब्दांचा अर्थ ते किती गंभीरपणे घेतात हे मला त्या दिवशी उमगले.

मान्यता आली आणि मग भावाची बोलणी सुरू झाली. ही स्पर्धा किती मोठी आहे याचा अंदाज नागपुरात बसून येत नाही. चीनच्या शान्शी प्रांतातला डिंगशियांग हा एकटा तालुका फ्लँजच्या उत्पादनासाठी जगभर ओळखला जातो. तिथे शेकडो कारखाने शेजारी शेजारी उभे आहेत, आणि नेहमीच्या मापाच्या, नेहमीच्या कार्बन पोलादाच्या फ्लँजमध्ये त्यांच्या भावाला हात लावणे आमच्यासारख्याला शक्य नाही. दुसऱ्या टोकाला इटलीतल्या जुन्या फोर्ज आहेत. त्यांच्याकडे अवघड मिश्रधातूंचा पिढ्यांचा अनुभव आहे, पण त्यांची मजुरी आणि वीज महाग पडते. या दोघांच्या मध्ये आपली जागा कुठे, हे आम्ही ग्राहकांच्या विचारणा वाचून शोधले. वितरक नेहमीचा माल चीनहून कंटेनर भरून आणून गोदामात ठेवतात. त्यांची अडचण होते ती त्या मालाच्या यादीत नसलेल्या गोष्टींची. एखाद्या प्रकल्पाला विचित्र मापाचे मोजकेच फ्लँज, तेही वेगळ्या धातूचे, सगळ्या चाचण्यांसह लवकर हवे असतात. मोठ्या कारखान्याला एवढ्याशा कामासाठी डाय, म्हणजे साचा, बदलणे परवडत नाही. आमचे हॅमर मध्यम आकाराचे, आमची टोळी अनेक प्रकारचे काम करायला सरावलेली, आणि रोज वेगळे माप लावण्याची सवय आम्हाला देशांतर्गत दुरुस्तीच्या ऑर्डरींनी आधीच लावलेली होती. देशात ज्या गोष्टीला आम्ही कटकट म्हणत होतो तिलाच बाहेर चांगला भाव होता.

तयारी मात्र सगळी नव्याने करावी लागली. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माल एएसएमई बी१६.५ या अमेरिकी मानकाचा, १५०, ३०० अशा दाबवर्गांचा असे. युरोपीय ईएन १०९२-१ मध्ये पीएन १६, पीएन ४० असे वर्ग येतात, बोल्टच्या भोकांचे वर्तुळ वेगळे असते आणि पोलादाच्या प्रतींची नावेही वेगळी. गेज नवे करावे लागले, ड्रॉइंग नवी काढावी लागली. दोन फ्लँजमधली गळती रोखणारी गॅस्केट जिथे टेकते त्या उंचावलेल्या तोंडाचे फिनिश आमचे टर्नर पूर्वी नजरेने आणि नखाने जोखत. अमेरिकी मानकात त्याची मर्यादा ३.२ ते ६.३ मायक्रोमीटर आहे. ते अधिक गुळगुळीत झाले तर गॅस्केट घसरते, अधिक खडबडीत झाले तर गळते. ही मर्यादा का आहे हे पाइपलाइनचे चित्र दाखवून समजावल्यावर फिनिश मोजणारे यंत्र त्यांनीच मागून घेतले.

सर्वांत कठीण गेले ते डुप्लेक्स पोलाद. समुद्रातल्या तेलविहिरी आणि खाऱ्या पाण्याचे प्रकल्प यांसाठी ते लागते. त्याच्या रचनेत फेराइट आणि ऑस्टेनाइट हे पोलादाचे दोन स्फटिकप्रकार साधारण निम्मे निम्मे असतात आणि त्या संतुलनामुळेच ते मजबूतही असते आणि गंजालाही दाद देत नाही. पण एफ५१ या प्रतीचा फ्लँज निदान १०२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन पाण्यात विझवला नाही, तर थंड होताना सुमारे ९५० ते ६५० अंशांच्या पट्ट्यात त्यात सिग्मा फेज नावाचा ठिसूळ घटक तयार होतो. वरून फ्लँज अगदी चकचकीत दिसतो, मापे बरोबर येतात, आणि उणे ४६ अंशांच्या आघात चाचणीत तो काचेच्या तुकड्यागत फुटतो. म्हणून भट्टीच्या दारापासून टाकीपर्यंतचे अंतर, क्रेनचा वेग आणि टाकीतले पाणी या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. ग्राहकाची अट होती की विझवण सुरू करताना पाणी ४० अंशांच्या वर नसावे आणि संपताना ५० अंशांच्या वर जाऊ नये. जर्मनीतल्या कोणाला ही अट कागदावरही जाणवत नसेल. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या घरात जाते, आणि उन्हात उभ्या असलेल्या टाकीतले पाणी दुपारी पहिली खेप पडण्याआधीच मर्यादेला टेकलेले असते.

सुरुवातीला भट्टीवरच्या मिस्त्रींच्या सांगण्यावरून डुप्लेक्सचा माल फक्त रातपाळीत काढायचा असे ठरले, पण ऑर्डरी वाढल्यावर ते पुरेना. मग टाकीला कूलिंग टॉवर जोडला, आणि इथे नागपूरचा तोच उन्हाळा कामी आला. कूलिंग टॉवर पाण्याचे बाष्पीभवन करून उरलेले पाणी थंड करतो, आणि हवा जितकी कोरडी तितके ते काम चांगले होते. वाळ्याचे तट्टे लावलेला आपला डेझर्ट कूलर मे महिन्यात जसा खोली गार करतो आणि पावसाळ्यात नुसती दमट हवा फेकतो, तसेच हे आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेतल्या कारखान्याला जे फार खर्चाने साधावे लागले असते ते आम्हाला भर उन्हाळ्यात तुलनेने स्वस्तात मिळाले. आता प्रत्येक खेपेच्या सुरुवातीचे आणि शेवटचे पाण्याचे तापमान चार्टवर उमटते आणि तो चार्ट ३.१ दाखल्याच्या फाइलला जोडला जातो. एका ग्राहकाने तर पुढच्या ऑर्डरी आमच्याकडे वळवण्याचे कारण विचारल्यावर हाच चार्ट पुढे केला.

समुद्रापासून दूर असण्याचा तोटा मात्र असा भरून निघत नाही. आमचा माल अजनीच्या कंटेनर डेपोत भरला जातो, तिथे सीमाशुल्काची तपासणी होते आणि रेल्वेने न्हावा-शेवा बंदराकडे जातो. घाईचा असेल तर रस्त्याने. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्याच हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो आणि जून २०२५ पासून तो ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आहे, त्यामुळे ट्रकचा काळ खरोखरच कमी झाला. तरीही बंदराजवळच्या कारखान्याच्या तुलनेत प्रत्येक कंटेनरमागे आमचा खर्च जास्तच राहतो. म्हणूनही जड आणि स्वस्त मालापेक्षा वजनाला कमी आणि किमतीला जास्त असलेला माल आम्हाला सोयीचा पडतो. करार करताना आम्ही एफओबीऐवजी एफसीए नागपूर मागतो. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम आमच्याकडे राहते, आणि कंटेनर तर त्याच्या कितीतरी आधी आमच्या ताब्यातून गेलेला असतो. एफसीएमध्ये तो अजनीला सुपूर्द केला की आमची जबाबदारी संपते. जुने ग्राहक सवयीने एफओबीच लिहितात, त्यांना हे समजावून सांगावे लागते.

पेट्यांविषयीही थोडे सांगायला हवे. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटे तापवून त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का मारलेला असावा लागतो. तो नसेल तर लाकडातल्या किडीच्या भीतीने सगळा माल बंदरातच अडतो. कंटेनरमध्ये रात्री थंड झालेल्या छतावर ओल जमते आणि थेंब खाली पडतात, त्यामुळे कार्बन पोलादाचे फ्लँज गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळावे लागतात आणि तोंडावर प्लॅस्टिकची टोपी बसवावी लागते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि भाडी भडकली. त्या काळात पॅकिंगवरचा खर्च किती रास्त होता हे कळले, आणि हेही कळले की युरोपातल्या ग्राहकाला वेळेवर माल द्यायचा तर काही माल तिथेच असायला हवा. रॉटरडॅमजवळच्या एका वितरकाच्या गोदामात आता आमचे अर्धवट मशीनिंग केलेले डुप्लेक्सचे फोर्जिंग साठवलेले असते. ऑर्डर आली की शेवटचे मशीनिंग तिथेच होते. त्यात आमचे पैसे अडकतात, पण त्यामुळे ज्या कामांसाठी पूर्वी आम्हाला कोणी विचारतच नसे ती आता मिळतात.

पैशांची बाजू थोडक्यात सांगतो. नव्या ग्राहकाशी एलसीवर, म्हणजे पैशांची हमी बँकेने घेतलेल्या पतपत्रावर, व्यवहार केला, आणि त्यासाठीचे यूसीपी ६०० चे नियम मालकांसकट सगळ्यांनी वाचून काढले: माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांत कागद सादर करायचे, बँकेने ते पाच कामकाजी दिवसांत तपासायचे. एकदा मालवाहतूकदाराने बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या पावतीवर, मालाचे वर्णन एलसीपेक्षा वेगळे लिहिले आणि तेवढ्यावर बँकेने पैसे थांबवले. तेव्हापासून त्या कागदाचा मसुदा अक्षरन् अक्षर आमच्याकडे तपासून जातो. ओळख पक्की झाल्यावर उधारी सुरू झाली, तिच्यासाठी १९५७ पासून काम करणाऱ्या ईसीजीसी या सरकारी निर्यात-पतविमा कंपनीचा विमा घेतला, आणि युरोतल्या मोठ्या ऑर्डरीचा काही भाग युरोचा दर आधीच ठरवणाऱ्या फॉरवर्ड करारात बांधून ठेवण्याची शिस्त लावून घेतली.

अमेरिकेचा बाजार आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे. भारतातून जाणाऱ्या कार्बन पोलादाच्या तयार फ्लँजवर तिथे २०१७ पासून आणि स्टेनलेस फ्लँजवर २०१८ पासून अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे अवाजवी कमी भावाने विकल्याच्या कारणावरून लावलेले जादा शुल्क, आहे. हे शुल्क कंपनीगणिक वेगळे ठरते, आणि ज्या कंपनीची स्वतंत्र चौकशी झालेली नाही तिला सरसकट दर सोसावा लागतो. आखातात उलट चित्र आहे: संयुक्त अरब अमिरातीशी झालेला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू झाला आणि उत्पत्तीचे प्रमाणपत्र जोडले की आयात शुल्काची सवलत मिळते. तिथे अडचण शुल्काची नसून तेल कंपन्यांच्या मान्य पुरवठादारांच्या यादीत नाव येण्याची आहे, आणि त्यासाठी युरोपातल्या पुरवठ्याचा इतिहास हीच आमची सर्वांत मोठी शिफारस ठरते आहे.

नागपुरातल्या इतर कंपन्यांकडे पाहिले की परदेशी बाजारात वाढण्याच्या वाटा किती निरनिराळ्या असतात हे दिसते. १९९५ साली सुरू झालेल्या, स्फोटके बनवणाऱ्या सोलार इंडस्ट्रीजने झांबिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान अशा देशांत स्वतःचे कारखाने काढले. स्फोटके दूरवर वाहून नेणे धोक्याचे आणि खर्चाचे असते, म्हणून खाणींच्या जवळ जाणे हाच तिथे मार्ग आहे. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात बोइंगच्या ७८७ ड्रीमलायनरसाठी कंपोझिट फ्लोअर बीम बनले, दासो-रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन २००० विमानाचे भाग बनतात आणि ते संपूर्ण विमान नागपुरात बनवण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली. या कामांत परदेशी कंपनी स्वतः आपल्या दारी येते आणि तिची शिस्त सोबत आणते. आमच्या आकाराच्या कारखान्याकडे कोणी येत नाही. ती शिस्त स्वतःच्या खर्चाने आधी उभी करावी लागते आणि ग्राहक नंतर मिळतो. तरी मिहानमध्ये तयार झालेले तंत्रज्ञ आता हिंगण्यात आणि बुटीबोरीतही दिसू लागले आहेत, आणि आमच्या तपासणी विभागाला त्याचा थेट लाभ झाला आहे.

सध्या आमचा सर्वाधिक वेळ जातो तो युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेत, म्हणजे सीबीएएममध्ये. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिचा संक्रमणकाळ सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून ती पूर्ण लागू झाली. लोखंड आणि पोलादाच्या ज्या वस्तू तिच्या यादीत आहेत त्यांत पाइपजोडांचे सीमाशुल्क-वर्गीकरणातले ७३०७ हे शीर्षक, म्हणजे आमचे फ्लँज, येतात. आमच्या आयातदाराला मालात सामावलेल्या, म्हणजे तो बनवताना झालेल्या, कार्बन उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो आणि त्याप्रमाणे प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागणार आहेत. निर्मात्याने खरे आकडे पुरवले नाहीत तर ठरवून दिलेली मूल्ये वापरली जातात, जी आयातदाराला महाग पडू शकतात. आमच्या भट्टीतल्या इंधनाचा हिशेब सोपा आहे. अवघड आहे तो बिलेटचा, कारण फ्लँजमधल्या उत्सर्जनाचा मोठा वाटा पोलाद वितळवतानाच पडलेला असतो. रायपूर-भिलाईकडून येणारे बरेचसे पोलाद कोळशावर बनलेल्या स्पंज आयर्नपासून, म्हणजे खनिज न वितळवता काढलेल्या लोखंडापासून, होते आणि त्याचे उत्सर्जन मुख्यतः भंगार वितळवून केलेल्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त असते. दोन्ही बिलेटची रासायनिक रचना सारखी, ताकद सारखी, भारतात भावही जवळपास सारखा. पण रॉटरडॅमला पोहोचल्यावर त्यांची किंमत एक राहत नाही.

म्हणून आता खरेदी विभाग बिलेटच्या विचारणेत रासायनिक रचनेसोबत वितळवण्याची पद्धत आणि टनामागचे उत्सर्जनही विचारतो. काही गिरण्यांनी आकडे लगेच दिले, काहींना हे का हवे हे समजावण्यासाठी मी स्वतः रायपूरला जाऊन बसलो, आणि एका गिरणीने ही गुप्त माहिती आहे म्हणून साफ नकार दिला. तिच्याकडचे पोलाद आम्ही देशांतर्गत कामापुरते ठेवले आहे. युरोपच्या ऑर्डरींचे बिलेट वेगळ्या रॅकमध्ये उतरतात, त्यांच्या टोकांना हिरवा पट्टा मारला जातो, आणि ज्या नोंदवहीत हीट नंबरपुढे टीसीचा क्रमांक लिहिला जातो तिथेच आता उत्सर्जनाचा रकाना आहे. दोन गिरण्यांचे पडताळलेले आकडे यायचे आहेत. ते आल्यावर पुढच्या तिमाहीचे भाव वितरकाला कळवायचे आहेत.